पावसाळ्यानंतर कंट्रोल तपासायचाय: डीजीपीएस की टोटल स्टेशन?

कंट्रोल म्हणजे ज्यांच्यावरून कामाची सगळी मापं घेतात ते पक्के बिंदू, जमिनीत रोवलेल्या छोट्या पिलरांवरचे; ते जागेवरून हलले का, ते बघायचं असतं. डीजीपीएस उपग्रहांवरून जागा काढतं, टोटल स्टेशन दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजतं. सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका पुलाच्या कामावर मी दोन्ही वापरलं. त्यामुळे खालचं मत काळ्या मातीतलं आहे; साताऱ्याकडे कातळावर पिलर असतील तर ते थोडं सैल धरा.

डीजीपीएसची सोय नाकारण्यात अर्थ नाही. ऑक्टोबरात ऊस डोक्यावर हातभर गेलेला असतो, या पिलरवरून तो पिलर दिसत नाही. डीजीपीएसच्या रिसीव्हरला काय, वरचं आभाळ मोकळं असलं की झालं. नदीपलीकडचा किंवा दोन-तीन किलोमीटर लांबचा बिंदू बाकीच्यांशी जोडायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

माझं बिनसलं ते बेसवरून. साइटवर रिसीव्हर मिळतात दोन. मग एक बेसवर, म्हणजे ज्याची जागा पक्की धरली त्या पिलरवर, बसतो आणि दुसरा गावभर फिरतो. म्हणजे मोजलेल्या सगळ्या रेषा एकाच बिंदूतून निघतात. पहिल्या पावसाळ्यानंतर आमचे पाचही पिलर नदीकडे आठ-दहा मिलिमीटर सरकलेले दिसले. मीटिंगमध्ये काठ खचल्याची चर्चा सुरू झाली, काम थांबवायचं की काय इथवर गाडी गेली. मला एकच खटकत होतं: पाचही जण एकाच दिशेला, जवळपास सारखेच कसे सरकतील?

दुसऱ्या दिवशी उजाडताच टोटल स्टेशन लावलं. हेल्परने शेतमालकाला विचारून दोन सरींचा ऊस दोरीने मागे बांधला, पाल्याने त्याचे हात चिरले. पाच पिलरांची आपसातली अंतरं जुन्या वहीशी दोन मिलिमीटरच्या आत जुळली. बिघडली ती फक्त बेसकडे जाणारी. बेसचा पिलर पाटाच्या कडेला होता. उन्हाळ्यात मूठ जाईल एवढ्या भेगा पडणारी ती माती एका अंगाने पाणी पिऊन फुगली, आणि मुरमापर्यंत न पोचलेला पाया कलला. आम्ही त्यालाच स्थिर धरून बाकीच्यांना हलते ठरवत होतो.

आता, दोष यंत्राचा नाही, पद्धतीचा, हे मलाही मान्य. चार रिसीव्हर असतील, बेस बदलून उलटसुलट रेषा घेतल्या आणि कुठलाही बिंदू आधीच स्थिर न धरता हिशेब केला, तर डीजीपीएसही हे दाखवेल. पण ते ऑफिसात, संध्याकाळी, संगणकावर. टोटल स्टेशनवर फेस लेफ्ट, फेस राइट (दुर्बीण सरळ आणि उलटी करून दोन वाचनं) घेताना जुन्या वहीशी ताडलं की जागेवरच कळतं कुणाचं बिनसलंय, आणि शंका आली तर तिथेच पुन्हा मोजता येतं.

उंचीबद्दल वादच नको, ती डिजिटल लेव्हलनेच, म्हणजे उंचीतला फरक मोजणाऱ्या यंत्राने. डीजीपीएसची उभी चूक आडव्यापेक्षा जास्त असते आणि काळी माती वर-खालीच जास्त खेळते. खंबाटकीसारख्या बोगद्यात आत शिरल्यावर तर आभाळच नाही, तिथे निवड आपोआप होते.

हल्ली मी डीजीपीएस वर्षातून एकदा लावतो, नदीपलीकडचे बिंदू जोडायला. बाकी तपासणी टोटल स्टेशनने: एकदा मे महिन्यात, एकदा पाऊस उघडल्यावर, दोन्ही वेळा सकाळी आठच्या आत, ऊन तापून प्रिझम (समोरच्या बिंदूवर लावलेला, टोटल स्टेशनचा किरण परत पाठवणारा आरसा) दुर्बिणीत थरथरायच्या आधी. आणि बांधावरच्या शेतमालकाला आडसाली लावणीच्या वेळीच सांगून ठेवतो की या दोन सरी मोकळ्या सोडा, त्यांचे पैसे देतो.