बीएमटीनंतरचा दम: औषधांवर राहायचं की फुप्फुस प्रत्यारोपण करायचं?

बीएमटीने, म्हणजे दात्याच्या अस्थिमज्जेच्या प्रत्यारोपणाने, रक्ताचा कॅन्सर गेला, पण आता दोन जिने चढवत नाहीत आणि दर पीएफटीला (फुप्फुसांच्या फुंकण्याच्या चाचणीत) एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात जोराने बाहेर फुंकलेल्या हवेचा आकडा, खाली येतोय. दात्याच्या पेशी फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांवर उलटतात, नलिका व्रणाने आवळत जातात. डॉक्टर याला बीओएस (ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स सिंड्रोम) म्हणतात. आवळलेली नलिका सहसा पुन्हा मोकळी होत नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

म्हणून घसरण थांबली तरी औषध लागू पडलं असं समजायचं. फ्लुटिकासोनचा पंप, अ‍ॅझिथ्रोमायसिन, मॉन्टेलुकास्ट आणि थोडे दिवस स्टिरॉइड, ही सुरुवात. पुढे रुक्सोलिटिनिब किंवा बेलुमोसुडिल. दोन्हींना अमेरिकेत २०२१ मध्ये दीर्घकालीन जीव्हीएचडीसाठी (दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटतात त्या आजारासाठी; बीओएस हे त्याचंच फुप्फुसातलं रूप) मान्यता मिळाली. (अ‍ॅझिथ्रोमायसिन मनाने घेऊ नका. बीओएस टाळण्यासाठी ते दिलं तेव्हा कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं.) आकडा स्थिरावला असेल, आंघोळ-स्वयंपाक जमत असेल, तर मी औषधांच्याच बाजूने.

घरात ऑक्सिजन आला, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठू लागला, की पारडं फिरतं. प्रत्यारोपणात बहुधा दोन्ही फुप्फुसं बदलतात. ते साधलं तर ऑक्सिजनची नळी सुटते. मात्र प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर लागतात, जंतुसंसर्गाची टांगती तलवार राहते, आधीच थकलेल्या किडन्यांवर आणखी भार पडतो. नवी फुप्फुसंही काही वर्षांत अशीच आवळू शकतात. जगभरात फुप्फुस प्रत्यारोपणानंतर पाच वर्षांनी निम्म्याहून थोडे अधिक रुग्ण हयात असतात. बीएमटी झालेल्या, नीट निवडलेल्या रुग्णांचे निकालही त्याच्या जवळपास आहेत. कॅन्सर परतलेला नसावा, ही मुख्य अट. बीएमटीला निदान दोन वर्षं झालेली असावीत, असं बरीच केंद्रं बघतात.

जपानमध्ये आणखी एक वाट आहे. दोन नातेवाईक फुप्फुसाचा खालचा एकेक खंड देतात. मज्जा देणाऱ्या भावंडानेच खंड दिला, तर रुग्णाचं शरीर तो परका मानत नाही. अशा काही रुग्णांना गोळ्या फारच कमी लागल्या. आपल्याकडे मात्र मेंदूमृत दात्याची वाट बघावी लागते. महाराष्ट्रातले बरेच रुग्ण त्यासाठी चेन्नई-हैदराबादला बिऱ्हाड हलवतात, कारण काढलेलं फुप्फुस काही तासच टिकतं.

औषधं चालू असतानाच प्रत्यारोपणाच्या टीमला एकदा भेटा. भेटलं म्हणजे ऑपरेशनला होकार दिला असं नाही. उशिरा गेलेल्यांचं वजन आणि स्नायू इतके उतरलेले असतात की यादीत नाव लागणंच अवघड होतं. जाताना बीएमटीपासूनच्या सगळ्या पीएफटी तारखेनुसार लावून न्या; तिथे शेवटच्या आकड्याइतकाच तो किती वेगाने उतरला हेही बघतात.