एजिना की हायड्रा?

अथेन्सला गेलात आणि एक रात्र बेटावर काढायची आहे, तर पिरेयस बंदरातून दोन्हीकडे बोटी सुटतात. एजिना जवळचं, वेगवान बोटीनं पाऊण तास. हायड्राला वेगवान बोटीलाही दीड-दोन तास लागतात, तिकीटही बरंच महाग.

पण हायड्राला उतरलं की आधी जाणवते ती शांतता. कचऱ्याच्या गाडीसारखे अपवाद सोडले तर बेटावर मोटारी नाहीत. धक्क्यावर खेचरं उभी असतात. पाहुण्यांच्या बॅगा, सिमेंटच्या गोण्या, सगळं त्यांच्याच पाठीवरून पायऱ्या चढतं. चाकांची सुटकेस न्याल तर पस्तावाल. गावाजवळ वाळूचा किनारा नाही, खडकावरून थेट खोल पाण्यात उडी. दोघंच असाल आणि गुडघे शाबूत असतील तर जरूर जा, फक्त ऑगस्टची गर्दी टाळा.

मुलं, आई-बाबा बरोबर असतील तर मात्र मी डोळे झाकून एजिना म्हणेन. अफाया या प्राचीन ग्रीक देवीच्या देवळापर्यंत बस जाते (इसवी सनपूर्व ५००च्या सुमाराचं, खांब अजून उभे), आणि खाली आयिया मरिनाला उथळ वाळूचा किनारा. शिवाय पिस्ते! इथलेच, भाजलेले, खारे. बंदरावरच्या टपरीवर अर्धा किलो घ्या; परतीच्या बोटीत निम्मे संपतात.