डीएसएलआर व्हिडिओसाठी स्वस्तातले माईक, स्टँड आणि गिंबल: दहा महिन्यांच्या वापरानंतर

आधी सामान सांगतो. कॅनन २००डी मार्क टू, त्यावर १८-५५ आणि ५० एमएम एफ १.८ या दोन लेन्स. आवाजासाठी बोयाचा बीवाय-एम१ हा वायरचा कॉलर माईक, कॅमेऱ्यावर बसणारा रोडचा व्हिडिओमायक्रो आणि झूमचा एच१एन रेकॉर्डर. कॅमेरा स्थिर धरायला खाली तीन छोटे पाय असलेला मोनोपॉड (एकाच दांड्याचा स्टँड), व्हिडिओ हेडचा साधा ट्रायपॉड आणि तीन किलोपर्यंत वजन पेलणारा गिंबल (मोटरींनी कॅमेरा स्थिर ठेवणारा हातातला दांडा). गेल्या गणपतीपासून यंदाच्या आषाढीपर्यंत हे सगळं बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात वापरलं: कीर्तनं, लग्नं, आनंदवाडीच्या आखाड्यातल्या कुस्त्या, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, राजहंसगडावरच्या मुलाखती.

सगळ्यात महाग गिंबल पडला आणि सगळ्यात कमी बाहेर निघाला तोही गिंबलच. सगळ्यात स्वस्त कॉलर माईक होता आणि जवळपास प्रत्येक कामाला तोच लागला. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात ठेवा.

कॅमेरा अजून घ्यायचा असेल तर आधी माईकचं भोक बघा. कॅननच्या १३००डी, १५००डी, ३०००डी आणि निकॉनच्या डी३५०० ला बाहेरचा माईक जोडताच येत नाही. २००डी, २००डी मार्क टू, ७००डी, निकॉन डी५३००, डी५६०० यांना ३.५ एमएमचं माईक इनपुट आहे. ज्यांच्याकडे आधीपासून १५००डी आहे त्यांनी कॅमेरा बदलायची घाई करू नये, वेगळा रेकॉर्डर किंवा फोन वापरून काम भागतं. २००डी मार्क टू ला हेडफोनचं भोक मात्र नाही. म्हणजे शूट चालू असताना आवाज कसा येतोय हे कळायला मार्ग नाही, पडद्यावरचे मीटरचे ठोकळे तेवढे हलताना दिसतात. मीटर हलतंय म्हणजे आवाज आहे एवढंच. तो शब्दाचा आहे की वाऱ्याचा की घासणाऱ्या उपरण्याचा, हे मीटर सांगत नाही. रेकॉर्डर घ्यायचं आमचं खरं कारण हेच, कारण एच१एन ला हेडफोन लावता येतो.

कॅमेऱ्याच्या मेनूत साऊंड रेकॉर्डिंग 'ऑटो'वर असतं, ते पहिल्याच दिवशी 'मॅन्युअल' करा. ऑटोमध्ये बोलणारा थांबला की कॅमेरा आपोआप आवाज उचलतो आणि मागचा सूं-सूं वर येतो. पुन्हा शब्द आला की तो खाली दाबला जातो. कीर्तनात बुवा दृष्टांत सांगता सांगता मुद्दाम थांबतात, तिथे हे फार खटकतं. मॅन्युअलमध्ये लेव्हल (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) खालच्या पाव भागात ठेवावी, कारण या कॅमेऱ्यांचा आतला ॲम्प्लिफायर वाढवला की खरखर करतो. मीटरवर बोलण्याची टोकं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली की पुरे. मेनूत 'विंड फिल्टर' दिसतो, त्याच्या भरवशावर राहू नका. तो कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकपुरताच आहे, बाहेरच्या माईकला त्याचा काही उपयोग नाही.

आता कॉलर माईक. किंमत हजाराच्या आसपास, वायर ६ मीटर, आत एलआर४४ बटण सेल. डबीवर एक सरकता खटका असतो, एका बाजूला फोन आणि दुसऱ्या बाजूला कॅमेरा. कॅमेऱ्याला जोडून खटका फोनकडे राहिला तर आवाज अगदी क्षीण येतो किंवा येतच नाही, आणि माणसाला वाटतं माईक बिघडला. काम झाल्यावर खटका कॅमेऱ्याकडेच राहिला तर सेल उतरत राहतो. दोन जादा सेल पिशवीत असू द्या, घड्याळवाल्याकडे मिळतात.

माईक लावायची जागा हनुवटीखाली एक वीत. अंतर दुप्पट झालं की उघड्यावर आवाज ६ डेसिबलने उतरतो आणि मागचा गलका तेवढाच राहतो, म्हणून इथे दोन-चार इंचांनीही फरक पडतो. हजाराचा माईक एक वीतभर अंतरावरून जे देतो ते दहा हजारांचा माईक तीन मीटरवरून देत नाही. खरी डोकेदुखी कपड्यांची. कडक इस्त्रीचा सदरा, खांद्यावरचं उपरणं, गळ्यातला हार, रेशमी साडीचा पदर, मंगळसूत्राचे मणी: हे सगळं माईकवर घासतं किंवा आपटतं आणि तो आवाज एडिटिंगमध्ये निघत नाही. कीर्तनकारांना हार घालून झाल्यावरच माईक लावावा आणि हाराच्या बाजूला न लावता सदऱ्याच्या पट्टीवर आत लावावा. साडी असेल तर पदराला लावू नका. ब्लाऊजच्या काठाला, मंगळसूत्राच्या रेषेपासून दोन बोटं बाजूला लावा. लावण्याआधी परवानगी घ्या आणि क्लिप त्यांच्याच हातात द्या. औषधाच्या दुकानातली मायक्रोपोर पट्टी त्रिकोणी घडी करून, चिकट बाजू बाहेर ठेवून माईकच्या मागे लावली की कापड आणि माईक एकत्र हलतात, एकमेकांवर घासत नाहीत. क्लिपखाली वायरचा एक छोटा वेढा घेऊन तोही चिकटवा. नाहीतर वायर ओढली गेली की तो धक्का थेट माईकमध्ये ऐकू येतो.

सहा मीटर वायर मंडपात पायात येते. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कॉलर माईक कॅमेऱ्याला न लावता वक्त्याच्या खिशातल्या फोनला लावणे. फोन एअरप्लेन मोडवर हवा, नाहीतर नेटवर्कचा टिर्र-टिर्र आवाज मध्येच घुसतो. रेकॉर्डिंगचं ॲप डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी फाइल) आणि ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, कारण कॅमेराही ४८ वरच रेकॉर्ड करतो. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर फोनचा आवाज आणि चित्र त्या टाळीवरून जुळवता येतात. नव्या फोनला ३.५ चं भोक नसेल तर सी-टाइपचं कनेक्टर लागतं. ते घेताना दुकानातच माईक लावून रेकॉर्ड करून ऐका, कारण काही कनेक्टर फक्त हेडफोन चालवतात, माईक ओळखत नाहीत.

वायरलेस संच मागून घेऊन पाहिले. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त संच मोकळ्या माळावर छान चालतात. लग्नाच्या हॉलमध्ये शेकडो फोन आणि वायफाय असतात, तिथे ते तुटतात. शिवाय माणसाचं शरीर या लहरी अडवतं. ट्रान्समीटर पाठीला खोचला आणि वक्ता कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा असला तर मध्ये त्याचं स्वतःचंच अंग येतं. पुढच्या खिशात किंवा कॅमेऱ्याच्या बाजूच्या कमरेला लावला की निम्मी अडचण मिटते.

व्हिडिओमायक्रो ४२ ग्रॅमचा, त्याला सेल लागत नाही, कॅमेऱ्याच्या भोकातूनच वीज घेतो. अंगणात दीड मीटरपर्यंत मुलाखतीला चांगला. पत्र्याच्या मंगल कार्यालयात मात्र तो निरुपयोगी ठरतो, कारण पत्रा आणि फरशीवरून परतणारा आवाजही त्यात तेवढ्याच जोराने येतो. त्याच्या सोबत येणारी केसाळ टोपी हरवू नका. राजहंसगडावर किंवा जांबोटीच्या माळावर वारा सुटला की नुसता स्पंज काही कामाचा नाही. स्पंज तोंडाच्या फुंकरीपुरता असतो. वाऱ्याला लांब केसच लागतात. कॉलर माईकसाठी अशी टोपी नकली फरच्या कापडाची घरी शिवता येते, फक्त कापड घेण्याआधी मागच्या बाजूने तोंड लावून फुंकून बघा. हवा आरपार गेली तर घ्या. अडली तर त्या टोपीत आवाज बोदा होतो.

एच१एन दोन एएए सेलवर चालतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओला तासाला साधारण १ जीबी लागतं, म्हणजे ३२ जीबीचं कार्ड तीसेक तास पुरतं (त्यापेक्षा मोठं कार्ड हा रेकॉर्डर घेत नाही). समोर आवाजाची चकती आहे, ती चुकून फिरू नये म्हणून लेव्हल ठरल्यावर त्यावर पट्टी लावून टाका. आज नवा घेणाऱ्यांनी २०२४ मध्ये आलेला एच१इसेन्शियल आधी पाहावा. त्यात ३२ बिट फ्लोट आहे, लेव्हल लावायची भानगडच नाही, आणि मोठा आवाज आला तरी नंतर खाली आणता येतो.

कीर्तन आणि भजनासाठी सगळ्यात चांगला आवाज मंडपातल्या मिक्सरवरून मिळतो. मंडपवाल्याला आधी विचारून लाइन आउटमधून (मिक्सरमधून आवाज बाहेर देणारं भोक) वायर काढायची. तिथे बहुतेक पी-३८ (मोठी जाड पिन) किंवा आरसीए (जुन्या टीव्ही-डीव्हीडीची लाल-पांढरी पिन) जॅक असतो, त्यामुळे दोन्हींवरून ३.५ वर येणारी वायर जवळ ठेवा. हा सिग्नल माईकपेक्षा कितीतरी जोरकस असतो. तो थेट कॅमेऱ्यात दिला तर लेव्हल शून्याजवळ आणली तरी आवाज फाटतो, म्हणून मध्ये आवाज कमी करणारी, रेझिस्टर असलेली वायर लागते. रेकॉर्डरमध्ये द्यायचा तर चकती अगदी खालून सुरू करा. घूं असा सलग आवाज आला तर तो ५० हर्ट्झच्या विजेचा आहे. रेकॉर्डर चार्जरवरून काढून सेलवर चालवला की बहुतेक वेळा जातो. आणखी एक, मिक्सरच्या आवाजात फक्त माईकसमोरच्या गोष्टी असतात. टाळकरी, मागून येणारा 'विठ्ठल विठ्ठल'चा गजर त्यात जवळजवळ नसतो. तो व्हिडिओमायक्रोने कॅमेऱ्यात वेगळा घ्यावा आणि एडिटिंगला खालून मिसळावा. त्याशिवाय कीर्तन बंद खोलीत झाल्यासारखं वाटतं.

मिसळताना अंतराचा हिशेब करावा लागतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, म्हणजे कॅमेरा १४ मीटर मागे असेल तर त्याच्या माईकवरचा आवाज एक फ्रेम उशिरा येतो. टाळी मिक्सरच्या माईकजवळ वाजवली की हा फरक जागच्या जागी दिसतो आणि सरकवता येतो. दुसरी गोष्ट, कॅमेरा आणि रेकॉर्डर यांची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. दोन तासांच्या कीर्तनात शेवटी ओठ आणि शब्द वेगळे झालेले दिसतात. २००डी मार्क टू २९ मिनिटं ५९ सेकंदांना स्वतःच थांबतो, तेव्हा प्रत्येक नव्या तुकड्याला पुन्हा आवाज जुळवून घेतला की प्रश्नच उरत नाही. फक्त कॅमेरा थांबला हे कोणीतरी बघत बसायला हवं, अभंगाच्या मधे तो गप्प थांबतो. डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत आवाजाच्या लहरीवरून क्लिपा आपोआप जुळतात.

कुस्तीची हलगी आणि मिरवणुकीतले ढोल-ताशे यांचं गणित वेगळं. हलगीचा ठोका इतका झटक्यात येतो की मीटर मागे पडतं, टोक दिसायच्या आत आवाज फाटलेला असतो. तिथे लेव्हल उणे १८ वर ठेवा, रेकॉर्डरचा लिमिटर (अचानक मोठा आलेला आवाज आपोआप दाबणारी सोय) चालू करा आणि पथकाच्या थेट समोर उभं न राहता पाच-सहा मीटर कडेला राहा.

आता हात न हलण्याचा विषय. इथे सल्ला सरळ आहे: आधी ट्रायपॉड, मग मोनोपॉड, आणि गिंबल भाड्याने. ट्रायपॉड घेताना 'फ्लुइड हेड' (कॅमेरा झटका न देता संथ फिरवणारं डोकं) हे अक्षर वाचून विश्वास ठेवू नका. दुकानात कॅमेरा बसवा, दांडा बोटाने हळू ढकला. सुरुवातीला अडकून मग एकदम सुटला तर ते नुसतं घर्षण आहे. असा आधीच घेऊन बसला असाल तर दांड्याला रबरबँड अडकवून रबरबँड ओढा, सुरुवातीचा झटका रबर गिळतं. ट्रायपॉड हलका असेल तर मधल्या हुकाला पाच लिटरचा पाण्याचा कॅन टांगा, पण तो जमिनीला टेकेल असा. हवेत झुलता राहिला तर ट्रायपॉडही त्याच्याबरोबर झुलतो. खानापूरकडची तांबडी धूळ पायांच्या कड्यांत बसते. पाय पूर्ण उघडून ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, तेल घालू नका, तेलात धूळ आणखी चिकटते.

मोनोपॉड हा आखाडा आणि मिरवणूक दोन्हीकडे कामाचा. गर्दीत त्याला एका पावलाएवढी जागा पुरते, दोन सेकंदांत उचलून पुढे सरकता येतं. खालचे तीन पाय त्याला एकट्याला उभं करण्यासाठी नाहीत, हात सोडला की कॅमेरा खाली. लेन्सचं आयएस, म्हणजे हाताची थरथर कमी करणारी सोय, मोनोपॉडवर चालू ठेवा. ट्रायपॉडवर बंद करा, नाहीतर फ्रेम उगाच सरकत राहते.

गिंबलबद्दल. कॅमेरा आणि १८-५५ मिळून पाऊण किलोच्या आत बसतं, तेव्हा वजन पेलण्याचा प्रश्न नाही. प्रश्न तोल लावण्याचा आहे. बॅटरी, कार्ड, माईक सगळं बसवून, लेन्सचं झाकण काढून, झूम जिथे वापरणार तिथे ठेवून, मोटर बंद असताना आधी पुढे-मागे, मग वर-खाली, मग डावी-उजवी आणि शेवटी पॅनचा (कॅमेरा आडवा फिरण्याचा) तोल. लेन्स आकाशाकडे तिरकी करून सोडली आणि तिथेच थांबली तर जमलं. मध्येच ५० ची लेन्स चढवली की सगळं पहिल्यापासून. तोल चुकलेला असेल तर मोटर गुणगुणते, तापते, बॅटरी लवकर उतरते आणि ती गुणगुण वरच्या माईकमध्ये स्पष्ट येते. २००डी मार्क टू चा पडदा डावीकडे उघडतो आणि माईकचं भोकही डावीकडेच. सरळ पिन लावली तर ती गिंबलच्या दांड्याला टेकते, म्हणून काटकोनी पिनेची मऊ वायर घ्या. चालताना पावलागणिक होणारी वर-खाली हालचाल तीन मोटरींचा गिंबल काढत नाही. ती गुडघे वाकवून आणि टाच आधी टेकवून तुम्हालाच काढावी लागते. वरातीला हे सगळं सार्थकी लागतं. बसून ऐकायच्या कार्यक्रमाला गिंबल नेण्यात अर्थ नाही.

जूनपासून पुढे दमटपणा आवरावा लागतो. माईकच्या आत ओल गेली की कडकड असा आवाज येऊ लागतो. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. केस वाळवायचं यंत्र माईकवर मारू नका, दोन दिवस डब्यात राहू द्या. सेल काढून ठेवा. आणि कणकुंबीकडे पत्र्याच्या शाळेत पावसाळी कार्यक्रम असेल तर त्या आवाजावर यातल्या कुठल्याच माईकचा इलाज चालत नाही. सर आली की रेकॉर्डिंग थांबवायचं, सर ओसरली की तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगायचं.