तपकीर गल्लीतला काळा प्रोग्रामर: आधी पाय उचला, मग चिपला लावा

मार्चमध्ये सासवडच्या पुढच्या एका अंजीर बागायतदारांचा सकाळी सातला फोन आला. "ताई, पेटी गेली. पॉवरचा दिवा लागतोय, पण व्हॉल्व्ह काही उघडेना." त्या पेटीत मी बनवलेला ठिबकचा कंट्रोलर आहे. मीडियाटेकच्या एमटी७६८८ चिपचं छोटं बोर्ड, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची लिनक्स प्रणाली, शेजारी व्हॉल्व्ह चालू-बंद करणारे रिले. आदल्या रात्री धायरीत घरी बसून मी त्याचं यू-बूट, म्हणजे वीज आल्यावर सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम (बूटलोडर), बदलायला घेतलं होतं आणि लिहिणं चालू असतानाच तिकडची लाइट गेली. चूक पूर्णपणे माझी होती. बूटलोडर दुरून बदलायचा नसतो, आणि पेटीत बॅटरी नसताना तर नाहीच नाही. अंजिराला पाणी वेळेवर लागतं, त्यामुळे त्यांना चार दिवस हाताने व्हॉल्व्ह फिरवावे लागले. ते एका शब्दाने बोलले नाहीत, म्हणून मला जास्त लागलं.

नुसतं फर्मवेअर, म्हणजे बूटलोडरनंतर चालणारी मुख्य प्रणाली, बिघडलं असतं तर सिरियल केबलने लॅपटॉप जोडून, यू-बूट थांबवून, टीएफटीपीने (नेटवर्कवरून फाइल पाठवून) नवं चढवता आलं असतं. इथे यू-बूटच अर्धवट होतं. ११५२०० च्या वेगावर सिरियल लावली तर एक अक्षर येईना. हा प्रोसेसर वीज मिळाली की थेट एसपीआय फ्लॅशमधूनच, म्हणजे प्रोग्राम साठवणाऱ्या आठ पायांच्या चिपमधूनच, पहिली आज्ञा उचलतो. तिथेच कचरा असेल तर यूएसबीवरून हाक मारून उठवायची सोय त्याच्यात नाही. अशा वेळी त्या आठ पायांच्या चिपला बाहेरून वाचून, बाहेरूनच लिहिणं हा एकच रस्ता उरतो. त्यासाठी मी सीएच३४१ए प्रोग्रामरचा, म्हणजे यूएसबीला लावून अशा चिपा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या बोर्डाचा, संच घेतला. गेले काही महिने तो जवळजवळ रोज हातात आहे, म्हणून हे सविस्तर लिहिते.

स्कूटर घरी ठेवून मी मेट्रोने मंडईला उतरले आणि चालत तपकीर गल्लीत गेले. ज्यांना ही गल्ली माहीत नाही त्यांच्यासाठी: बुधवार पेठेतला हा इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानाचा बाजार. मी नेहमी जाते ते दुकान माळ्यावर आहे, जिना अरुंद, आणि काउंटरवर एका वेळी तीनच माणसं मावतात. काकांना मी "एसपीआय फ्लॅशचा प्रोग्रामर" म्हटलं, त्यांनी लगेच विचारलं, "लॅपटॉपच्या बायोसला की राउटरला?" मी बोर्डाचं सांगितलं. त्यांनी संच काढून दिला: काळा प्रोग्रामर, लाल वायरीची क्लिप, १.८ व्होल्टचं अडॅप्टर, आणि चिप सोल्डर करून बसवायची दोन छोटी बोर्डं. सव्वाचारशे रुपये. पैसे घेताना ते म्हणाले, "ताई, क्लिप एक जादा घेऊन ठेवा, प्रोग्रामर टिकतो, क्लिप नाही टिकत." मी घेतली नाही. घ्यायला हवी होती.

आता वस्तूबद्दल. हे बोर्ड कोण बनवतं ते पाकिटावर नाही. त्यावरची सीएच३४१ए ही चिप चांगली आहे, दोष आहे तो बोर्डाच्या आखणीत, आणि तो या काळ्या बोर्डांबद्दल जगभर माहीत आहे. फ्लॅश चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा मिळतो, पण सीएच३४१ए स्वतः यूएसबीच्या ५ व्होल्टवर चालते. त्यामुळे तिच्या सिग्नलच्या पायांवरही ५ व्होल्टच येतात. मी ऐकीव गोष्टीवर थांबले नाही. रिकाम्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावला: पुरवठ्याच्या आठव्या पायावर ३.३, आणि पहिल्या पायावर, म्हणजे चिप सिलेक्टवर (चिपला निवडणाऱ्या सिग्नलवर), ४.९. माझ्या बोर्डावरची चिप विनबाँडची डब्ल्यू२५क्यू१२८. तिचा पुरवठा ३.६ व्होल्टपर्यंत चालतो, आणि बाकी कुठल्याही पायावर पुरवठ्यापेक्षा जेमतेम ०.४ व्होल्ट जास्त चालतं, असं तिच्या डेटाशीटमध्ये स्वच्छ लिहिलंय.

"आम्ही तर कितीदा वापरला, काही जळलं नाही," असं सांगणारे भेटतात, आणि ते खोटं बोलत नाहीत. फ्लॅश चिपा तशा दणकट असतात. पण क्लिप लावून आपण एकट्या चिपशी बोलत नसतो. त्याच तारांवर प्रोसेसरही बसलेला असतो. फ्लॅश चिप गेली तर दुसरी शे-दीडशे रुपयांत मिळते, प्रोसेसरचा पाय गेला तर अख्खं बोर्ड गेलं. शेतकऱ्याच्या पेटीवर मी ही जोखीम घेणार नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. सीएच३४१ए ला २८ पाय. २८ वा पाय पुरवठ्याचा. सोल्डरिंग आयर्नने तो तापवत सुईने अलगद उचलायचा, म्हणजे खालच्या ५ व्होल्टच्या तांब्यापासून तो सुटतो. मग त्या पायाला बारीक वायर लावून ३.३ व्होल्ट द्यायचे. ते कुठून घ्यायचे हे शोधावं लागत नाही: बोर्डावर एएमएस१११७ रेग्युलेटर आहे, त्याची रुंद पट्टी म्हणजेच त्याचं आउटपुट. तिथेच सोल्डर करायचं. नववा पायही त्याच ३.३ ला जोडायचा, कारण चिप ३.३ वर चालवायची असेल तर तो पाय पुरवठ्याशी जोडलेला लागतो. सुई जोरात दामटली तर पाय मुळापासून तुटतो, म्हणून कथील पूर्ण वितळेपर्यंत थांबा. सगळं झाल्यावर पुन्हा मल्टिमीटर लावला, पहिल्या पायावर ३.२८. त्या आकड्याने मला जे समाधान दिलं ते विकत घेतलेल्या नव्या वस्तूनेही मिळालं नसतं.

लिनक्सवर जोडल्यावर प्रोग्रामर १ए८६:५५१२ या यूएसबी ओळखीने दिसतो. ५५२३ दिसलं तर बोर्डावरचा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) सिरियलच्या जागी आहे, तो बदलायचा. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, फ्लॅशरॉम या चिपा वाचण्या-लिहिण्याच्या सॉफ्टवेअरला प्रोग्रामरचं नाव दिलं की काम सुरू. विंडोजवाले माझे मित्र निओप्रोग्रामर वापरतात, मी तो फारसा वापरलेला नाही.

खरी झुंज क्लिपशी झाली. माझ्या पेट्या शेतात असतात, म्हणून बोर्डावर दमटपणापासून वाचवणारं वार्निशसारखं कोटिंग मारलेलं असतं. त्यावर क्लिप दाबली की बसल्यासारखी वाटते, पण एखादा दात पायाला टेकतच नाही. फ्लॅशरॉम म्हणतं चिप सापडली नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने आठही पाय घासले, तेव्हा सापडली. लाल वायर म्हणजे पहिला पाय, तो चिपवरच्या ठिपक्याकडे. उलटी लावली तर बहुधा प्रोग्रामर यूएसबीवरूनच नाहीसा होतो. तसं झालं की ताबडतोब काढा, गरम होऊ देऊ नका.

दुसरी अडचण अशी की क्लिपमधून चिपला दिलेली वीज पूर्ण बोर्डात पसरते. प्रोसेसर अर्धवट जागा होतो आणि त्याच तारांवर स्वतः बोलायला लागतो. मग वाचलेलं प्रत्येक वेळी वेगळं येतं. माझ्या बोर्डावर रीसेटचं बटण दाबून धरलं तर प्रोसेसर गप्प राहतो, म्हणून मी वाचताना त्यावर छोटा क्लँप लावते. ज्या बोर्डावर हे जमत नाही तिथे चिप काढून सॉकेटमध्येच वाचावी लागते.

म्हणून माझा नियम: लिहिण्याआधी दोनदा वाचायचं, दोन्ही फाइलींचा शा-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढायचा, आणि तो अक्षरशः जुळला तरच पुढे जायचं. त्या दिवशी पहिल्या तीन वेळा जुळला नाही. चौथ्या-पाचव्याला जुळला. १६ एमबीच्या चिपला प्रत्येक वेळी काही मिनिटं लागतात, हा प्रोग्रामर वेगवान नाही. पण इथे घाई करायचीच नाही.

ही मेलेल्या चिपची प्रत इतकी मोलाची का, ते सांगते, कारण सुरुवातीच्या दिवसांत मी इथेच चुकले होते. या बोर्डांवर फ्लॅशचे पहिले १९२ किलोबाइट यू-बूट, मग ६४ किलोबाइट त्याच्या सेटिंग, मग ६४ किलोबाइट फॅक्टरी, आणि ३२० किलोबाइटच्या पुढे फर्मवेअर. फॅक्टरीच्या तुकड्यात त्या एका बोर्डाचा मॅक पत्ता (नेटवर्कवरची त्याची स्वतःची ओळख) आणि त्याच्या वाय-फायची कारखान्यात मोजून लिहिलेली मापं असतात. ती दुसरीकडे कुठेच नसतात. एकदा मी चांगल्या बोर्डाची पूर्ण प्रत काढून बिघडलेल्यावर जशीच्या तशी चढवली. बोर्ड उठलं. पण एकाच बागेत एकाच मॅक पत्त्याचे दोन कंट्रोलर झाले, आणि दोघांचं वाय-फाय आळीपाळीने तुटायला लागलं. कारण सापडायला मला दोन फेऱ्या दिवे घाट चढावा लागला.

या वेळी मेलेल्या चिपचीच प्रत घेतली आणि तिचे फक्त पहिले १९२ किलोबाइट चांगल्या बोर्डाच्या यू-बूटने बदलले. डीडी या लिनक्सच्या कॉपी करणाऱ्या आज्ञेला ६४ किलोबाइटचे तीन ठोकळे सांगायचे आणि उरलेली फाइल कापू नको म्हणून सांगायचं. ते सांगायला विसरलात तर फाइल १९२ किलोबाइटचीच उरते, आणि फ्लॅशरॉमला फाइल चिपच्या मापाचीच, बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची लागते, त्यामुळे ते तिथेच नाकारतं. लिहिलं, त्याने स्वतः पडताळून पाहिलं, क्लिप काढली, वीज दिली. सिरियलवर यू-बूटची पहिली ओळ आली तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. शेतकऱ्याच्या सगळ्या वेळा, सगळे झोन, मॅक पत्ता, जिथल्या तिथे.

हा संच सगळ्यांना लागत नाही, हेही तितक्याच कळकळीने सांगते. आमच्या सोसायटीतला एक इंजिनिअरिंगचा मुलगा मेलेला रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक घेऊन आला आणि म्हणाला, "मावशी, तुमच्या त्या क्लिपने करा." त्याला क्लिपची गरजच नव्हती. रास्पबेरी पाय ४ चा बूटलोडर ५१२ किलोबाइटच्या ईईप्रॉम चिपमध्ये असतो, आणि तो बिघडला तरी प्रोसेसरच्या आतला कायमचा कोड एसडी कार्डवरून दुरुस्ती उचलतो. रास्पबेरी पाय इमेजरमधून बूटलोडरची इमेज कार्डावर लिहिली, कार्ड घातलं, हिरवा दिवा भराभर लुकलुकायला लागला आणि स्क्रीन हिरवी झाली. काम झालं. बाहेरून नवं फर्मवेअर घ्यायची अशी सोय इतर प्रोसेसरांतही असते: रॉकचिपच्या बोर्डांना मास्करॉम आहे, ऑलविनरला फेल आहे, ईएसपी३२ चा जीपीआयओ शून्य हा पिन ग्राउंडला जोडून रीसेट केलं की तो स्वतःच नवं घ्यायला तयार होतो. ही दारं सिलिकॉनमध्येच असल्यामुळे नुसतं चुकीचं फर्मवेअर सहसा ती बंद करू शकत नाही. त्यांच्यासाठी चांगली यूएसबी केबल पुरते. रॉकचिपचा सिरियल मात्र बहुधा १५,००,००० च्या वेगावर बोलतो, आणि सिरियल केबलमधली साधी सीपी२१०२ चिप तिथपर्यंत पोचत नाही. त्यासाठी सीएच३४० किंवा एफटी२३२ चिपची केबल घ्या, नाहीतर बोर्ड जिवंत असून तुम्ही त्याला मेलेलं समजाल.

सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर हा काळा प्रोग्रामर घेऊ नका. घरात रास्पबेरी पाय असेल तर त्याच्या पिनांवरचा एसपीआय मुळातच ३.३ व्होल्टचा आहे, आणि फ्लॅशरॉम त्यावरूनही चालतं. मी एक आठवडा तसं करून पाहिलं. वायरी बोटभर लांबीच्या ठेवल्या तर वाचन एकदम स्थिर. फक्त दर वेळी सहा-आठ वायरी नीट जोडत बसावं लागतं, आणि शेताच्या बांधावर लॅपटॉपबरोबर ते सोयीचं नाही.

संचातल्या १.८ व्होल्टच्या अडॅप्टरची मला दोनदाच गरज पडली, तेव्हा त्याने नीट काम केलं. विनबाँडच्या नावाच्या शेवटी एफव्ही किंवा जेव्ही असेल तर चिप ३.३ ची, एफडब्ल्यू किंवा जेडब्ल्यू असेल तर १.८ ची. भिंग घेऊन हे अक्षर वाचल्याशिवाय क्लिप लावू नका.

क्लिप पंचविसाव्या-तिसाव्या वापरानंतर सैल झाली. जबड्याचं प्लॅस्टिक फाकलं, दात चिपवरून घसरायला लागले. आता मी पोमोना कंपनीची ५२५० ही क्लिप वापरते. तिची किंमत या अख्ख्या संचाच्या कितीतरी पट आहे आणि मला एक रुपयाचाही पश्चात्ताप नाही. कोटिंग घासलेल्या पायांवर ती पहिल्या दाबात बसते, आणि दोन्ही शा-२५६ बहुतेक वेळा पहिल्याच जोडीत जुळतात.

प्रोग्रामर, पाय उचलल्यानंतर: पाचपैकी चार. जसा मिळतो तसा: एक. संचातली क्लिप: दोन. दुकान: पाच, कारण परवा मी सैल झालेली क्लिप दाखवायला गेले तर काकांनी ती हातात घेतली, जबडा दोन वेळा उघडून पाहिला आणि काउंटरखालून दुसरी काढून दिली. पैसे घेतले नाहीत. मी तिथेच त्यांना ५ व्होल्टचं सांगितलं, खिशातला माझा प्रोग्रामर काढून उचललेला पाय दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे करून देता का दहा नगांना? मी वेगळे ठेवतो, वेगळ्या भावाने." पहिले दहा पुढच्या शुक्रवारी देणार आहे. प्रत्येकाच्या पहिल्या पायावरचा मोजलेला आकडा पाकिटावर पेनाने लिहिलेला असेल.