लाकडाचा कोरीव फर्मा की थर चढवलेला प्लास्टिकचा?

मापाचे बूट करायला बसलेल्या माणसाला चामड्याच्याही आधी फर्म्याचा, म्हणजे ज्यावर बूट घडवतात त्या पायाच्या आकाराच्या साच्याचा, निर्णय घ्यावा लागतो. बाजारातला प्लास्टिकचा फर्मा आणून गिऱ्हाइकाच्या पायाप्रमाणे त्यावर चामड्याचे किंवा कॉर्कचे थर चिकटवायचे, ही एक वाट. आणि लाकडाचा ठोकळा घेऊन त्या एकाच माणसाच्या पायासाठी फर्मा हाताने कोरायचा, ही दुसरी. म्हापशातल्या माझ्या कामाच्या खोलीत मी पहिली पाच वर्षे पहिल्या वाटेने काढली आणि त्यानंतर हळूहळू दुसऱ्या वाटेला लागलो. आजही एका फळीवर प्लास्टिकचे फर्मे आहेत आणि ते नुसते पडून नसतात. या कामात नव्याने उतरणारे लोक मला हा प्रश्न वरचेवर विचारतात, आणि गोव्यातल्या पावसाचे काय, हे तर हमखास विचारतात. म्हणून दोन्ही बाजू जमतील तितक्या प्रामाणिकपणे मांडतो.

प्लास्टिकची बाजू आधी घेतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. आजचे बहुतेक फर्मे घट्ट पॉलिइथिलीनचे असतात आणि हा पदार्थ पाणी पीत नाही, त्यामुळे मे महिन्यात घेतलेला सांध्याचा (बोटांच्या मुळाशी पाय रुंद असतो तिथला) घेर जुलैतही तोच भरतो. चुका (बारीक खिळे) मारून उपटल्या की भोके बऱ्यापैकी मिटतात आणि एकाच फर्म्यावर वर्षानुवर्षे काम करता येते. डावा आणि उजवा यंत्रावर उतरलेले असल्याने ते एकमेकांचे नेमके प्रतिबिंब असतात. मधल्या बिजागरीवर फर्मा दुमडतो, म्हणून तयार बुटातून तो बाहेर काढताना मागच्या शिवणीवर ताण येत नाही. शिवाय वेळ वाचतो, आणि ही लहान गोष्ट नव्हे. माप घेतले त्याच आठवड्यात अपर, म्हणजे बुटाचा वरचा चामडी भाग, फर्म्यावर ओढायला घेता येतो. लग्नसराईत दहा-बारा दिवसांत बूट हवा असणाऱ्या माणसाला लाकूड कोरून देतो असे सांगण्यात काही अर्थ नसतो.

लाकडी म्हणजे आपोआप हाताचा, असे मात्र समजू नये. अमेरिकेत टॉमस ब्लँचर्डने १८१९ च्या सुमारास बंदुकीचे दस्ते उतरवण्यासाठी नमुन्यावरून आकार उचलणारा लेथ तयार केला आणि त्याच तत्त्वावर पुढे कारखान्यांसाठी लाकडी फर्मे हजारोंनी निघू लागले. प्लास्टिक फार नंतर आले आणि त्याने बीच, हॉर्नबीम, मेपल या लाकडांची जागा घेतली. तेव्हा खरी तुलना दोन पदार्थांची नाही. एक नमुना अनेक पायांना पुरवायचा की एका पायासाठी एकच फर्मा करायचा, हे ठरवायचे आहे, आणि पदार्थाचा प्रश्न त्यामागून येतो.

बुटांच्या नंबरांच्या दोन पद्धती घ्या: युरोपातल्या पॅरिस पॉइंटच्या पद्धतीत एका नंबराने लांबी ६.६७ मिलिमीटरने वाढते आणि इंग्रजी पद्धतीत ८.४७ मिलिमीटरने. लांबी नंबराने जुळून जाते. घेर आणि रुंदी मात्र नमुना करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जो पाय होता त्याची असते. पेडण्यापासून काणकोणापर्यंतच्या माणसांचे जे पाय मी मोजले, त्यांतले बरेचसे, विशेषतः ज्यांचे बालपण अनवाणी किंवा चपलांत गेले त्यांचे, पुढे पसरट आणि टाचेला निमुळते निघाले. केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली आणि त्यातून ‘भा’ नावाच्या भारतीय मापपद्धतीचा प्रस्ताव पुढे आला, तो याच गरजेपोटी. अशा मापाचे फर्मे हाती येईपर्यंत तयार फर्म्यावर काम करणाऱ्याला दोनच उपाय उरतात. टाचेला बसेल असा फर्मा घेऊन पुढे थर चढवायचे, किंवा पुढे बसेल असा घेऊन टाच सैल सोडायची. दुसरा उपाय मापाचा बूट म्हणवणाऱ्याने करू नये, म्हणून सगळे थरांवर येऊन ठेपते.

आणि माझा निर्णय या थरांनीच केला.

डिचोलीचे एक निवृत्त मास्तर माझे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेले आहे. त्यांच्या नंबराच्या प्लास्टिकच्या फर्म्यावर त्या जागी मी चामड्याचा पाच मिलिमीटरचा थर चढवला होता, कडा रापीने निमुळत्या करून, कानशीने घासून, जागा नीट खरवडून मगच चिकटवलेला. पॉलिइथिलीनवर कोणताही गोंद मनापासून धरत नाही, म्हणून दोन बारीक चुकाही मारल्या होत्या. जुलैचा शेवटचा आठवडा होता. अपर ओला करून ओढला, चुका मारल्या, आणि त्या दमट हवेत तो नेहमीच्या दुप्पट दिवस वाळत ठेवला. बूट दिसायला अगदी निर्दोष झाला. मास्तर चवथीच्या आधी येऊन घालून गेले आणि आठवड्याने परत आले. “बूट चांगला आहे,” ते म्हणाले, “पण इथे कोणीतरी बोट टेकवून ठेवल्यासारखे वाटते.” मी फर्मा काढून पाहिला. ओल्या अपरची ओल पिऊन थर फुगला होता, मऊ पडला होता आणि चिमट्याच्या ओढीने चुकांभोवती फिरून बोटांच्या दिशेला चार मिलिमीटर सरकला होता. अस्तराखाली त्या सरकलेल्या कडेचा चंद्रकोरीसारखा वळ उठला होता, आणि हाडासाठी जिथे जागा हवी होती तिथे बूट सपाट होता.

एकदाच घडले असते तर मी ते माझ्या हाताच्या चुकीवर टाकले असते. पण पुढच्या दोन पावसाळ्यांत निरनिराळे गोंद वापरून पाहिले, कॉर्क वापरून पाहिले, थरावर पातळ चामड्याचे सबंध मोजेही चढवून पाहिले. कॉर्क ओल पीत नाही, पण ओढीखाली दबतो आणि त्याच्या कडांचे तुकडे निघतात. प्रत्येक नव्या जोडाच्या वेळी जुना थर तपासायचा, उचकटायचा, पुन्हा बसवायचा, आणि तो मागच्याच जागी बसला की नाही याची खात्री कधीच होत नाही. प्लास्टिक पाणी पीत नाही, हा गुण गोव्यात फार महत्त्वाचा वाटतो; पण मापाच्या बुटातले माप ज्या थरात असते तो थर पाणी पितो, हे कोणी सांगत नाही. माझ्या मते इतर सगळ्या सोयींपुढे ही एक गैरसोय जड आहे. ज्यांचे काम वातानुकूलित खोलीत चालते किंवा ज्यांच्या गिऱ्हाइकांना फक्त घेरात दोन-तीन मिलिमीटरची भर लागते, त्यांना ती इतकी जाणवणारही नाही.

मास्तरांसाठी मी पहिला पूर्ण जोड कोरला तो त्यानंतरच्या हिवाळ्यात. ठोकळा वाकसाने (सुताराच्या तासण्याच्या हत्याराने) ओबडधोबड उतरवेपर्यंत सगळे सोपे वाटते. मग तळाची रेघ आखायची, बाजूचा आकार पुठ्ठ्याच्या साच्यावरून उतरवायचा, आणि घेर मोजत मोजत कानशीने खाली यायचे. शेवटचे तीन मिलिमीटर दोन दिवस घेतात. पट्टीने सांध्याचा, कमरेचा (पावलाच्या मधल्या अरुंद भागाचा) आणि इन्स्टेपचा (पावलाच्या वरच्या उंचवट्याचा) घेर बरोबर आला तरी आकार चुकलेला असू शकतो, कारण एकच घेर उंच-अरुंद फर्म्यालाही असतो आणि बसक्या-रुंद फर्म्यालाही. तिथे डोळे मिटून अंगठा फिरवावा लागतो. हाडाची जागा कुठे सुरू होते, कुठे सर्वांत वर येते आणि कुठे विरते हे गिऱ्हाइकाच्या पायावर ज्या बोटांनी पाहिले त्याच बोटांनी लाकडावर पाहायचे. दुसरा पाय त्याहून कठीण. मास्तरांचा डावा पाय सरळ आहे, म्हणून तो उजव्याचे प्रतिबिंब असून चालत नव्हता. तरी दोन्ही बुटांचे टोक आणि टाच समोरून सारखी दिसायला हवी होती. डाव्याचे टोक मी एकदा जास्त घासले आणि तो फर्मा टाकून नवा ठोकळा घ्यावा लागला. लाकडाची ही किंमत आहे आणि ती प्रत्येकाने आधीच धरून चालावी.

आता पावसाचे. लाकूड फुगते, यात वाद नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना लाकडात साधारण ११ टक्के ओलावा राहतो आणि आर्द्रता ९० टक्क्यांना भिडली की तो २० टक्क्यांच्या आसपास जाऊ पाहतो. पण लाकूड सगळीकडे सारखे फुगत नाही. रेषांच्या दिशेने, म्हणजे फर्म्याच्या लांबीत, बदल जवळपास नसतोच. वलयांना काटकोनात तो बराच होतो आणि वलयांच्या कडेकडेने त्याच्या सुमारे दुप्पट. म्हणून ठोकळा निवडताना टोकाकडून पाहिल्यावर वलये उभी दिसतील असा घ्यावा, म्हणजे मोठी हालचाल उंचीत जाते आणि रुंदीला थोडी येते. कोरून झाल्यावर लाखेच्या पॉलिशचे पातळ हात द्यावेत. टोक आणि टाच या दोन जागी रेषांची तोंडे उघडी असतात, तिथे दोन हात जास्त. मास्तरांच्या उजव्या फर्म्याचा सांध्याचा घेर एप्रिलमध्ये २४६ मिलिमीटर होता आणि जुलैअखेर २४८. हे दोन मिलिमीटर मला मान्य आहेत, कारण ते सबंध फर्म्यावर पसरलेले असतात, दरवर्षी येतात आणि अपर ओढण्याआधी पट्टी लावली की कळतात. हाडाची जागा मात्र हाडापाशीच राहते. फर्मे मी झाकणाच्या कपाटात ठेवतो आणि जून ते सप्टेंबर त्यात एक लहान बल्ब जळता ठेवतो.

बिजागरीची सोय लाकडात हाताने करावी लागते. सगळे कोरून झाल्यावर इन्स्टेपवरचा पाचरीसारखा तुकडा करवतीने वेगळा करायचा आणि स्क्रूने परत बसवायचा, म्हणजे बूट पूर्ण झाल्यावर आधी पाचर निघते आणि मग फर्मा सहज बाहेर येतो. करवतीचे पाते दीड मिलिमीटर लाकूड खाते आणि तेवढा इन्स्टेप खाली बसतो. ती फट भरून काढायला मी पाचरीखाली पातळ चामड्याची पट्टी कायमची चिकटवतो. लाकडाला लाकडाची किंवा चामड्याची जोड चांगली धरते. म्हणूनच उद्या गिऱ्हाइकाचा पाय सुजला किंवा जाड झाला आणि लाकडी फर्म्यावरही थर द्यावा लागला, तरी तो प्लास्टिकवरच्यासारखा फिरत नाही.

लाकूड कोणते, याविषयी माझे मत थोडक्यात सांगतो. साग जागचा हलत नाही, पण चुका मारताना चिरतो आणि त्यातली सिलिका अवजारांची धार खाते. आंबा स्वस्त आहे. त्याला भुंगा लागतो. शिवण कोरायला सुरेख आणि स्थिर, फक्त मऊ असल्यामुळे चार-पाच जोडांनंतर तळाकडच्या कडेला चुका धरेनाशा होतात. मला हेदू सर्वांत आवडतो. पिवळसर, बारीक आणि एकसारखा पोत, कानस कुठल्याही दिशेने चालवा, तुरे निघत नाहीत. तो हवा तेव्हा मिळत नाही. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे गोव्यात परवानगीवाचून झाड तोडता येत नाही आणि ते योग्यच आहे. आमच्याकडचे मेस्त, म्हणजे सुतार, जुन्या घरांच्या दुरुस्तीतून निघालेले किंवा गिरणीवर परवान्याने आलेले लाकूड बाजूला काढून ठेवतात, त्यांतून निवडायचे. ताजे लाकूड घेतल्यास जाडीच्या दर इंचाला एक वर्ष वाळवणे हा जुना हिशेब पाळावा आणि टोकांना मेण लावावे, नाहीतर ती आधी वाळून तडकतात.

एकदाच बूट करून नेणाऱ्या, साध्या पायाच्या गिऱ्हाइकासाठी मी अजूनही फळीवरून प्लास्टिकचा फर्मा उतरवतो आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. ज्याला महिन्याला दहा जोड द्यायचे आहेत त्यानेही तोच मार्ग धरावा, फक्त थरांचे काम शक्यतो पावसाळ्याबाहेर ठेवावे. पण ज्याच्याकडे अवघड पाय येतात, जो वर्षाला मोजकेच जोड करतो आणि ज्याची गिऱ्हाइके तीन-चार वर्षांनी परत येतात, त्याने लाकडाला हात घालावा असे मला वाटते. मास्तरांचा तिसरा जोड मी गेल्या पावसाळ्यात त्याच फर्म्यावर ओढला, आणि त्या वेळी एकच काम करावे लागले: पट्टी लावून घेर लिहून ठेवणे.

सुरुवात दिवाळीनंतर करावी, कारण हवा कोरडी होत जाते आणि ठोकळा हातात असताना स्थिर राहतो. पहिला पाय घरातल्या माणसाचा निवडावा, कारण तो दिवसातून चार वेळा मोजावा लागेल. आणि पक्के माप संध्याकाळचेच धरावे, दिवसभर उभे राहून पाय भरतात तेव्हाचे.