भूसंपादनाच्या नोटिशीवर सल्ला देणारी म्हापशातील एक वकील कचेरी

पेडणे-बार्देशात जमीन असलेल्या बहुतेक कुटुंबांचा वकिलाशी संबंध येतो तो कूळ किंवा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांच्या दाव्यासाठी, नाहीतर वारसांच्या इन्वेंटरीसाठी, म्हणजे न्यायालयामार्फत होणाऱ्या वाटणीसाठी. भूसंपादनाची अधिसूचना निघाली की मात्र कोणाकडे जावे हे चटकन सुचत नाही. आमच्या काजूच्या बागेतून जाणाऱ्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी अशी अधिसूचना निघाली आणि तो रस्ता पुढे एका खासगी पर्यटन प्रकल्पापाशी संपत असल्यामुळे, प्रामुख्याने भूसंपादनाचीच कामे पाहणाऱ्या म्हापशातील एका कचेरीचा सल्ला आम्ही घेतला. वकिली व्यवसायाला जाहिरात वर्ज्य आहे, म्हणून कचेरीचे नाव येथे देत नाही.

वकिलांनी अधिसूचना, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) आणि सर्व्हे प्लॅन एवढेच मागितले आणि भरपाईचा आकडा विचारण्याआधी उताऱ्यावर कोणाकोणाची नावे आहेत हे पाहिले. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसल्यास, पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे माझ्या धाकट्या काकांच्या हरकतीवर काकूंचीही सही त्यांनी घेतली, आणि कुळाच्या रकान्यात एक जुने नाव अद्याप राहिले असल्याने भरपाईच्या वाटणीच्या वेळी ते पुढे येईल, असे तेव्हाच बजावले. नंतर प्लॅन टेबलावर पसरून त्यांनी रस्त्याची प्रस्तावित रुंदी पेन्सिलीने आखत नेली. शेवटचे घर मागे पडल्यावरही रुंदी तसूभर कमी होत नव्हती, आणि पुढे प्रकल्पाच्या हद्दीपर्यंत एकही वस्ती नव्हती. ही एक रेघ आमच्या हरकतीचा मुख्य मुद्दा ठरली.

आमची समजूत अशी होती की खासगी फायद्याचे संपादन म्हटले की 80 टक्के लोकांची संमती लागतेच. ती त्यांनी पहिल्याच भेटीत दूर केली. 1 जानेवारी 2014 पासून लागू झालेल्या 2013 च्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर 80 टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक आहे. पण सरकार स्वतःसाठी म्हणून रस्ता करते तेव्हा ही अट लागत नाही, मग त्या रस्त्याचा उपयोग प्रत्यक्षात कोणाला होणार हा प्रश्न संमतीचा न राहता हरकतीचा होतो. याच कायद्याने पायाभूत प्रकल्पांच्या व्याख्येतून खासगी हॉटेले वगळली आहेत. हॉटेलासाठी थेट जमीन मागणे अवघड आणि हॉटेलाकडे जाणारा रस्ता मागणे सोपे, अशी ही रचना आहे, आणि गोव्यासारख्या राज्यात तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

कचेरीतून मिळणारे टाचलेले मराठी टिपण हा या सेवेचा सर्वांत मोलाचा भाग आहे. त्यात जुने निकाल थोडक्यात दिले आहेत. 1962 साली आर. एल. अरोरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या कारखान्यासाठीचे संपादन अमान्य केले, त्याच वर्षी संसदेने तेव्हाचा 1894 चा भूसंपादन कायदा दुरुस्त केला आणि 1964 मध्ये ती दुरुस्ती न्यायालयाने मान्य केली. 1963 च्या सोमावंती खटल्यात सरकारने खर्चात घातलेले अवघे 100 रुपये सार्वजनिक प्रयोजन सिद्ध करायला पुरेसे ठरले. खासगी विकासासाठी लोकांची घरे घेण्यावरून झालेल्या, अमेरिकेतील न्यू लंडन शहराच्या केलो खटल्याचा निकालही त्यात आहे: 2005 साली पाच विरुद्ध चार मतांनी तेथील सर्वोच्च न्यायालय नगरपालिकेच्या बाजूने गेले, घरे हटवली गेली, आणि पुढे जवळच्या फायझर कंपनीनेच तेथून काढता पाय घेतला. पश्चिम बंगालमधील सिंगूरच्या टाटा मोटार कारखान्याच्या जमिनीचा 2016 चा निकाल मात्र शेतकऱ्यांच्या बाजूने लागला.

आपल्या जवळचे उदाहरण दोनापावलच्या वायंगिणी किनाऱ्यावरील सिदाद द गोवा हॉटेलचे. त्यासाठी जुन्या 1894 च्या कायद्याच्या कंपन्यांविषयीच्या भागाखाली जमीन संपादित झाली आणि किनाऱ्यावर जाण्याचा लोकांचा मार्ग खुला ठेवण्याची अट करारात आली. जानेवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा मार्ग अडवणारे हॉटेलचे वाढीव बांधकाम पाडण्याचा आदेश दिला; त्याच वर्षी राज्याने कायद्यात गोव्यापुरती दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवले. वकिलांनी हा इतिहास आम्हांला उमेद वाढवण्यासाठी सांगितला नाही. प्रयोजनाच्या मुद्द्यावर संपादन रद्द होण्याची शक्यता थोडी आहे, पण रुंदी कमी करून घेण्याची बरी आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि पैसे घेणाऱ्या माणसाकडून एवढा खरेपणा क्वचितच मिळतो.

अधिसूचनेपासून 60 दिवसांत लेखी हरकत द्यावी लागते. ती मुदतीत, नकाशासह आणि सुनावणीच्या मागणीसह दाखल झाली. भरपाई स्वीकारताना निषेध नोंदवला नाही, तर ती वाढवून मागण्याचा हक्क जातो, ही सूचनाही टिपणात ठळक अक्षरांत आहे.

उणिवा आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. हरकतीचा मसुदा इंग्रजीत तयार झाला आणि कनिष्ठ वकिलाने तो इतक्या घाईने वाचून दाखवला की काकूंनी सही करण्याआधी दोनदा थांबवून अर्थ विचारला. ज्या कचेरीला मराठी टिपण काढता येते, तिला मसुद्याचा मराठी गोषवारा देणे जड जाऊ नये. वेळ ठरवून गेलो तरी बाकड्यावर बराच वेळ बसावे लागते. झेरॉक्स, टायपिंग आणि प्रमाणित नकला यांचा खर्च पावतीविना तोंडी सांगितला जातो. शुल्क मात्र ठरावीक आहे. वाढीव भरपाईत टक्केवारी घेऊन काम करण्याची तयारी आम्हांला अन्यत्र दाखवली गेली होती. बार कौन्सिलच्या नियमांत तसा व्यवहार बसत नाही म्हणून येथे तो विषयच निघाला नाही.

सुनावणी झाली आहे, अहवाल यायचा आहे. निवाड्यानंतर वाढीव भरपाईसाठी भूसंपादन प्राधिकरणाकडे जायचे झाल्यास त्या कामाचे शुल्क वेगळे आकारले जाते, आणि हे आम्हांला सुनावणीच्या दिवशी कळले. नव्याने जाणाऱ्यांनी पहिल्या भेटीतच ते लेखी मागून घ्यावे आणि सोबत सर्व सहहिस्सेदारांचे विवाहाचे दाखले न्यावेत.