आईचा गुडघा: ऑपरेशनला पैकीच्या पैकी, डिस्चार्जनंतर काठावर पास

सेलूत माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. फेब्रुवारीत आईच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण केलं, संभाजीनगरच्या एका खाजगी हॉस्पिटलात. नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार त्यांच्या हातात लेखी दिलीय, तेवढं बास. पण ज्यांच्या घरी हे व्हायचंय त्यांना उपयोग होईल म्हणून लिहितोय.

आधी चांगलं सांगतो. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला चक्क परत पाठवलं. आईची तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.9 टक्के निघाली. डॉक्टर म्हणाले, साडेसातच्या आसपास आणा, मग बघू. शिवाय एक किडलेली दाढ काढून या आणि टाचांच्या भेगा भरू द्या. मी वैतागलो होतो. गुडघ्याचं दुखणं, अन् हे दाढ कशाला बघायलेत? नंतर कळलं, अंगात कुठंही जंतूंचं घर असलं की ते रक्तातून नव्या सांध्यापर्यंत पोचू शकतात. आणि साखर चढी असली की जखम लवकर भरत नाही, जंतूंना आयतं रान मिळतं. दोन-अडीच महिने गेले, आईचा चहा बिनसाखरेचा झाला, घरात रोज भांडणं. पण आता मागं वळून बघता या हॉस्पिटलचं सगळ्यात भारी काम हेच.

आदल्या रात्री आणि सकाळी जंतुनाशक साबणानं आंघोळ. पायावरचे केस ब्लेडनं नाही, मशीननं काढले. ब्लेडनं बारीक चिरा पडतात, असं सिस्टर म्हणाल्या. अँटिबायोटिकचं इंजेक्शन चिरा द्यायच्या आधी तासाभरात. दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून दारापर्यंत गेली.

बिलाचं एक. 2017 च्या ऑगस्टात सरकारनं गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीला लगाम घातला. कोबाल्ट-क्रोमियमचा जो सांधा दीड लाखाच्या पुढं जायचा तो 54,720 रुपये अधिक जीएसटीवर आला. पुढं आकडे बदललेत, म्हणून चालू दर विचारून घ्या. मी बियाणं विकणारा माणूस, पिशवीवरचा लॉट नंबर बघितल्याशिवाय माल घेत नाही. सांध्याच्या खोक्यावरही तसेच स्टिकर असतात. ते फाईलला चिकटवून द्या म्हणून मी मागं लागलो. कुरकुर न करता दिले.

आता रडगाणं.

डिस्चार्ज पाचव्या दिवशी. घरी आलो तर मावशी हळद-तुपाची वाटी घेऊनच बसलेली. तिला अडवलं. मग ती गुडघ्याखाली उशी सरकवायची, तेवढंच बरं वाटतं म्हणून. आमच्या फिजिओनं पहिल्याच दिवशी ती काढून टाकली. उशी टाचेखाली, गुडघा मोकळा, नाहीतर पाय सरळच होत नाही. (खेपेला 400 रुपये, एक दिवस चुकवला नाही. माणूस म्हणून दहापैकी दहा.) तासातासाला पंजा वरखाली हलवायचा, पोटरीत रक्त साकळू नये म्हणून. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ड्रममधलं साठवलेलं पाणी जखमेच्या जवळपास येऊ द्यायचं नाही म्हणून टाके निघेस्तोवर ओल्या फडक्यानं अंग पुसून काढलं.

नवव्या दिवशी सकाळी पट्टीवर रुपयाएवढा पिवळसर डाग. आई म्हणाली, "खाज सुटायली होती बाबा, म्हणून जरासा कोपरा उचलला." माझ्या पोटात गोळा. ताप नव्हता, पण डाग दुपारपर्यंत वाढला. डिस्चार्ज कार्डावर 'अडचण आल्यास' म्हणून नंबर छापलेला. तो लागला मेडिकलच्या काउंटरला! तिथल्या पोरानं सांगितलं, "काही नाही होत काका, तिथंच दाखवून अँटिबायोटिक चालू करा."

मी गेलो आमच्या गल्लीतल्या डॉक्टरकडं. ते म्हणाले, "गोळ्या लिहून द्यायला मला एक मिनिट लागतं. पण सांध्यात जंतू असतील तर गोळ्यांनी ते अर्धवट दबतात, मग तपासणीत सापडत नाहीत. ज्यांनी गुडघा बसवला त्यांनाच दाखवा, आजच." गाडी काढली, तीन तासांत संभाजीनगर.

तिथं मात्र सर्जन स्वतः आले. जखम दाबून बघितली, रक्त तपासायला पाठवलं. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा, ऑपरेशननंतर तसाही चढतो, म्हणाले, एकट्या आकड्याला घाबरू नका. तो उतरतोय की परत चढायलाय ते बघायचं. डाग वरच्या कातडीचा निघाला, आत काही नव्हतं. तीन दिवसांनी आकडा निम्म्यावर आला, जखमही कोरडी झाली. पण एवढ्या घाईनं का आणायचं, हे त्यांनी जसं समजावलं तसं आधी कुणी सांगायला पाहिजे होतं. हौदाच्या भिंतीला शेवाळ धरतं तसा जंतूंचा थर धातूवर आणि प्लॅस्टिकवर बसतो, रक्तातलं औषध त्याच्या आत शिरत नाही. असं शंभरात एखाद-दुसऱ्याला होतं. लवकर सापडलं तर उघडून धुतात, मधला प्लॅस्टिकचा तुकडा बदलतात. उशीर झाला तर अख्खा सांधा काढून औषध मिसळलेलं सिमेंट ठेवायचं, कित्येक आठवडे अँटिबायोटिक, आणि मग पुन्हा ऑपरेशन. आईनं हे सगळं ऐकलं आणि मावशीला फोन लावून सांगितलं, वाटी उचलून ठेव.

आज चार महिने झाले. गुडघा अजून थोडा गरम लागतो, तो काही महिने लागतोच म्हणे. आई केशवराज बाबासाहेबांच्या मंदिरापर्यंत पायी जाते, तिथं खुर्चीवर बसते. मांडी बंद, पंगत बंद, संडासाला कमोड. पंगतीचं दुःख तिला गुडघ्यापेक्षा जास्त आहे.

आता डावा गुडघाही दिवाळीनंतर करू म्हणतेय, आणि तिथंच. म्हणून परवा रात्री दहाला मी कार्डावरच्या नंबरवर मुद्दाम फोन लावून बघितला. दोन रिंगांत उचलला. मेडिकलच्या काउंटरवरच्या त्याच पोरानं.